पाच मिनिटांचं काम

पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकत गेल्या आणि एका ओळीवर येऊन थांबल्या.

"अडकलं का?" सुपडूअण्णांनी विचारलं.

"अडकलं."

"काल जिथं अडकलं होतं तिथंच?"

"नाही. कालच्यापेक्षा चार ओळी पुढे."

"मग चालू राहिलं की!" अण्णा म्हणाले आणि आतल्या खोलीकडे वळून ओरडले, "गिरजा, चार ओळी पुढं सरकलं! चहा टाक."

ही अमळनेरची गोष्ट. मी तेव्हा तिथल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचा असिस्टंट होतो. वय एकतीस, लग्न नाही. आई गेल्याला दोन वर्षं झाली होती. घरी गेलो की कुलूप काढायचं, दिवा लावायचा, कुकर लावायचा आणि शिट्ट्या मोजायच्या. दिवसभर लोक माझ्याशी बोलत, पण काम घेऊन बोलत. "सर, प्रिंटर चालेना." प्रिंटर चालला की सर संपले. एखाद्या शनिवारी लॅबचं दार लावलं की सोमवारी सकाळपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघत नसे, आणि सोमवारी पहिल्यांदा बोलताना घसा खाकरून घ्यावा लागे.

सुपडू पेंटर हे नाव गावाला पाठ होतं. एक्केचाळीस वर्षं त्यांनी दुकानांचे बोर्ड रंगवले होते. गावात कुठेही उभं राहा, नजरेच्या टप्प्यात त्यांचं एखादं अक्षर सापडे. मग फ्लेक्स आले आणि ब्रश डब्यात गेले. त्यानंतर अण्णांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे वाढत जाणार एवढं स्पष्ट सांगितलं.

अशात मुंबईच्या एका कॉलेजात अक्षररचना शिकवणाऱ्या देवयानी मॅडम गावात कुणाच्या तरी लग्नाला आल्या आणि लग्न सोडून बोर्डांचे फोटो काढत फिरल्या. त्यांनी अण्णांना शोधून काढलं. म्हणाल्या, तुमची अक्षरं कॉम्प्युटरवर घ्या, त्यांचा फॉण्ट करू, तुमच्या नावाने सगळ्यांना वापरायला देऊ. त्यासाठीचा प्रोग्राम त्यांनी दिला, चित्र काढायची इलेक्ट्रॉनिक पाटी आणि तिचं पेन दिलं. अण्णांनी शब्द दिला, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, सगळी अक्षरं देतो. हात साथ देतोय तोवर अक्षरं उतरवायची, एवढीच त्यांना आता घाई होती.

फक्त एक अडचण होती. तो प्रोग्राम एकाच कंपनीच्या महागड्या मशीनवर चाले, आणि अण्णांकडे होतं बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आणलेलं जोडजुळव मशीन. ज्या मशीनवर जी सिस्टिम चालायची नाही, तिथे ती चालवून दाखवायची हा माझा नाद होता. कंपनीला हे पसंत नसतं, त्यामुळे मी तो मिरवत नसे. पण अण्णांच्या कानावर गेलं आणि ते माझ्या लॅबच्या दारात येऊन उभे राहिले, चपला बाहेर काढून.

"पण हे मशीन त्यांचं नाही, मग चालणार कसं?" चहा पिता पिता अण्णांनी त्या दिवशी विचारलं.

"सिस्टिमच्या आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो, अण्णा. बूटलोडर म्हणतात त्याला. तो सिस्टिमला सांगतो, हे मशीन आपल्याच कंपनीचं आहे, अमुक साली बनलंय, हा त्याचा नंबर."

"खोटं सांगतो?"

"धडधडीत."

"अन् ती मानते?"

"सगळं जुळवून सांगितलं तर मानते. एक बारीक गोष्ट चुकली की अडून बसते. आता बसलीय तशी."

अण्णा मनापासून हसले. "म्हणजे मध्यस्थ म्हण ना! पोरगा कसा बी असू दे, मुलीकडच्यांना सांगायचं, घराणं मोठं, शेती बागायती."

"अगदी तेच."

"मग सांग बरं नीट. लग्न जमलं पाहिजे."

लग्न जमायला बारा दिवस लागले. कॉलेज सुटलं की साडेपाचला मी त्यांच्याकडे जाई. सेटिंगच्या फाइलमध्ये एकेक गोष्ट बदलायची, मशीन बंद करून सुरू करायचं, कुठे अडतंय ते बघायचं. आधी पडद्याचं कार्ड अडलं. ते सुटलं तर आवाज येईना. आवाज आला तर मागची भोकं चालेनात, मग एकेका भोकात पेन ड्राइव्ह खुपसून कुठलं जिवंत आहे याची वहीत नोंद केली. अण्णा शेजारी स्टुलावर बसून असत. त्यांना यातलं काही कळत नव्हतं, पण दुसऱ्याचं काम बघत बसायची त्यांना सवय होती. बोर्ड रंगवताना त्यांच्यामागेही माणसं अशीच तासन्‌तास उभी राहत म्हणे.

बाराव्या दिवशी ओळी कुठेच न थांबता वर गेल्या, पडदा क्षणभर काळा झाला आणि मग उजळला. अण्णांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा खाली आला. गिरजाकाकूंनी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी केली आणि मला उठूच दिलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या ताटाकडे बघून "अजून घे" म्हणालं होतं. भाजी तिखट होती हे बरं झालं, डोळ्यांतल्या पाण्याला कारण मिळालं.

आता जे सांगायचंय ते सांगतो.

आमच्या या नादात एक रीत आहे. बूटलोडर आधी पेन ड्राइव्हवर ठेवून चाचण्या घ्यायच्या. सगळं नीट चालायला लागलं की त्याचं फोल्डर, मशीनच्या डिस्कवर एक दडलेला कप्पा असतो, त्यात टाकायचं. मग मशीन आपलं आपण सुरू होतं, पेन ड्राइव्ह लागत नाही. हे शेवटचं काम पाच मिनिटांचं. त्या दिवशी जेवण झाल्यावर मी ते करायला बसलो आणि माझ्या मनात आलं, हे केलं की झालं. उद्या साडेपाचला मी कुठे जाणार?

मी मशीन बंद केलं, पेन ड्राइव्ह काढला आणि खिशात टाकला.

"हा माझ्याकडे राहू दे, अण्णा. अजून थोडं टेस्टिंग बाकी आहे. याच्याशिवाय मशीन सुरू होणार नाही, पण मी रोज येईनच."

अण्णांनी माझ्या खिशाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे.

"बरं," ते म्हणाले. "मग उद्या?"

"साडेपाचला येतो."

असा दीड महिना गेला. मी जायचो, पेन ड्राइव्ह लावायचो, मशीन सुरू व्हायचं. अण्णा कागदावर ब्रशने रंगवलेलं अक्षर मोबाइलने टिपायचे आणि पडद्यावर घेऊन पेनाने गिरवायचे. गिरवताना हात थरथरे. रेघ वाकडी गेली की पुसायची, परत काढायची. एका संध्याकाळी एक अक्षर झालं तर खूप. कधी तेही होत नसे.

"याचं पोट बघ," अण्णा म्हणायचे. "कागदावर कसं भरलेलं आहे, अन् इथं उपाशी दिसू राहिलं."

कागदावरची अक्षरं खरंच देखणी होती, एका रेषेत कुठे कंप नव्हता. ती रंगवताना हात कसा थरथरला नाही, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मला पडायचे ते प्रश्न म्हणजे आज काकूंनी काय केलं असेल, आणि लाइट जाऊन मशीन बंद पडलं तर आठऐवजी नऊपर्यंत थांबता येईल का. मी मनातून अण्णांचं काम सावकाश व्हावं असंच धरून बसलो होतो, हे आज लिहितानाही लाज वाटते.

मार्चमध्ये कॉलेजने मला परीक्षेच्या कामासाठी आठ दिवस धुळ्याला पाठवलं. निघायच्या संध्याकाळी अण्णांची एकवीस अक्षरं उरली होती.

"पेन ड्राइव्ह ठेवून जातोस का?" काकूंनी विचारलं.

"नको काकू, कुठे हरवला तर सगळं परत करावं लागेल," मी म्हणालो. ते फोल्डर माझ्या घरच्या मशीनवर दोन ठिकाणी उतरवून ठेवलेलं होतं.

काकू काही बोलणार होत्या, पण अण्णांनी हाताने थांबवलं. "जाऊ दे. आठ दिवस काय, असे जातात."

धुळ्याहून मी रोज फोन करायचो. अण्णा म्हणायचे, "घाई नाही रे. कागदावर काढू राहिलो." लॉजच्या खोलीत मी पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवायचो आणि जेवताना त्याच्याकडे बघायचो. तो खिशात होता तोवर माझी वाट बघणारं कुणीतरी होतं.

परतलो तो रविवार होता. सकाळची बस मिळाली, स्टँडवर साडेसातला उतरलो आणि पिशवीसकट सरळ अण्णांकडे गेलो. त्या घरी मी सकाळी कधीच गेलो नव्हतो.

दार उघडंच होतं. अण्णा बंद मशीनसमोर बसले होते. डाव्या हाताला रंगवलेल्या कागदांचा गठ्ठा, उजव्या हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप. त्यांनी तो कप उचलून तोंडाला लावला, घोट घेतला आणि बशीत ठेवला. चहाचा एक थेंब सांडला नाही. बशी वाजलीसुद्धा नाही.

"अण्णा," मी म्हणालो, "हात?"

ते दचकले. "अरे, तू! ये, ये. गिरजा, दिगू आला."

"अण्णा, तुमचा हात थरथरत नाहीये."

"सकाळी बरा असतो थोडा. गोळी घेतली की नऊ-साडेनऊपर्यंत."

"रोज?"

"रोज," स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या. त्यांच्या हाताला पीठ होतं. "रोज सकाळी दगडासारखा असतो. काळ्या पडद्यासमोर बसून राहतात अन् वाट बघतात. अन् मशीन सुरू होतं साडेपाचला, जेव्हा यांना धड बटण लावता येत नाही."

"गिरजा, राहू दे."

"काय राहू दे? दीड महिना मी गप आहे. चौकातला संजू येऊन गेला होता, कॉम्प्युटर दुकानवाला. म्हणाला, काकू, हे पाच मिनिटाचं काम आहे, पेन ड्राइव्ह आणून द्या, मी मशीनमधेच टाकून देतो. यांनी त्याला काय सांगितलं विचार."

मी अण्णांकडे पाहिलं. ते कागदांच्या कडा जुळवत होते.

"काय सांगितलं?"

"सांगितलं, नको," अण्णा म्हणाले. "आमचा माणूस करू राहिला म्हटलं."

"तुम्हाला माहीत होतं, अण्णा?"

"पहिल्या दिवसापासून."

मला स्वतःची किळस आली. मी स्टुलावर बसलो. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं भलतंच. "मग बोलला का नाहीत? शिव्या का नाही घातल्या?"

"कशा घालू? तो डाव माझाच आहे," अण्णा म्हणाले आणि काकूंकडे बघून हसले. "मी बावीस वर्षांचा होतो. पारोळ्याला एका किराणा दुकानाचा बोर्ड आला. अंबिका किराणा स्टोअर्स. तीन दिवसांचं काम. दुकानासमोर हिचं घर. तिसऱ्या दिवशी सगळा बोर्ड झाला, मी फक्त 'अं'वरचं टिंब ठेवून दिलं. दुकानदार विचारे, पेंटर, टिंब कधी? मी म्हणे, रंग वाळू द्या, टिंब सगळ्यात शेवटी मारतात. असे सतरा दिवस गेलो भो, एका टिंबासाठी. शिडी लावायची, चढायचं, इकडं बघायचं, उतरायचं."

"अन् मग?"

"मग हीच आली पाण्याचा तांब्या घेऊन. म्हणाली, पेंटर, ते टिंब मारून टाका अन् घरी मागणं घाला."

काकू हसल्या नाहीत. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा राग थोडा उतरला.

"काम बाकी ठेवणारा माणूस मला लगेच कळतो," अण्णा म्हणाले. "तू पेन ड्राइव्ह खिशात टाकला, तेव्हाच कळलं. म्हटलं, याला यायचं आहे. येऊ दे."

"तुमची अक्षरं, अण्णा. तुमचा हात."

"अक्षरं गावात भिंतीभिंतीवर आहेत रे."

मी पेन ड्राइव्ह लावला. दडलेला कप्पा उघडला, फोल्डर त्यात टाकलं, मशीन बंद केलं, पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं. मशीन आपलं आपण सुरू झालं. भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, चार मिनिटं झाली होती. अण्णांनी पेन उचललं आणि सकाळच्या हाताने एक रेघ ओढली. ती पडद्यावर कागदावरच्यासारखीच उमटली, कुठे कंप नाही.

निघताना अण्णा दारापर्यंत आले. "संध्याकाळी ये."

"येतो," मी म्हणालो.

गेलो नाही. त्या संध्याकाळी नाही, दुसऱ्याही नाही. त्यांनी मला ओळखलं होतं आणि ओळखून जेवू घातलं होतं, हे मला सोसेना. रागावले असते तर मी पाय धरले असते. अण्णांचे दोनदा फोन आले. "दिगू, थोडं राहिलं आहे रे मशीनवर. सवड झाली की ये." मी म्हणे, हो अण्णा, येतो. मला वाटे, मशीन तर व्यवस्थित चाललंय, हा माणूस माझी कीव करतोय. जूनमध्ये मला पुण्यात नोकरी लागली आणि मी न सांगता गाव सोडलं.

पुढच्या वर्षी आखाजीच्या आठवड्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"दिगंबर ना? मी देवयानी. सुपडूअण्णांच्या फॉण्टचं काम बघते. तुमचा नंबर त्यांनीच दिला होता. तुम्ही ते एवढं संपवता का?"

"काय संपवायचं?"

"अहो, अनुस्वाराचं टिंब! बाकी सगळी अक्षरं गेल्या आखाजीलाच आली, सुंदर आलीत. तेवढं एक घर रिकामं. मी म्हटलं, अण्णा, टिंब काय, मी इथे टाकते. तर म्हणाले, नाही, ते दिगू येऊन करणार आहे, थांबा. मी वर्षभर थांबलेय. आता ते गेल्यावर..."

"गेल्यावर?"

"तुम्हाला माहीत नाही? फाल्गुनात गेले ते."

ऑफिसात रजा टाकून मी दुसऱ्या दिवशी अमळनेरला पोचलो. काकू ओट्यावर बसल्या होत्या. आखाजीला सुरतेहून आलेली त्यांची मुलगी आदल्या दिवशीच परत गेली होती. काकूंनी मला पाहिलं आणि रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. फक्त सरकून बसल्या.

"काकू, मला कुणी कळवलं नाही," मी म्हणालो आणि लगेच कळलं की हे बोलायचा मला हक्क नाही.

"मशीन आत आहे," त्या म्हणाल्या. "तसंच आहे."

बटण दाबल्यावर मशीन मुकाट सुरू झालं. पडद्यावर अण्णांची अक्षरं ओळीने लागलेली होती, भरल्या पोटाची, एकालाही कंप नाही. शेवटाजवळ एक चौकोन रिकामा होता.

"रोज सकाळी लावायचे," काकू मागून म्हणाल्या. "सगळी बघायचे अन् बंद करायचे. मी म्हटलं, अहो, एक टिंब तर आहे, हात चालू आहे तोवर मारून टाका. तर म्हणे, राहू दे गिरजा. त्याला यायला काही तरी पाहिजे."

त्यांनी कीबोर्डखालून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. कागदाच्या मधोमध काळ्या रंगाचं एकच टिंब होतं, ब्रश जरा तिरका टेकवून मारलेलं. बाकी सगळा कागद कोरा. अण्णांनी त्यांचं काम केलं होतं, फक्त माझं ठेवलं होतं.

मी त्या कागदाचा फोटो घेतला, रिकाम्या चौकोनात आणला आणि कडेने गिरवला. रेघ वाकडी गेली म्हणून तीनदा पुसलं. मग फाइल मॅडमना पाठवून दिली. घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. पाच मिनिटं.

काकू स्टुलावर बसून होत्या. अण्णांचं स्टूल ते. बाहेर ओट्यावर ऊन आलं होतं आणि घरात दुसरा कसलाच आवाज नव्हता. संध्याकाळ झाली की या दार लावून घेत असतील, दिवा लावत असतील, एकट्यापुरतं पीठ मळत असतील. ते सगळं मला तोंडपाठ होतं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"नाही, काकू," मी म्हणालो. "अजून थोडं बाकी आहे. उद्या यावं लागेल."

काकूंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. शिडीवर चढलेल्या पेंटरला ज्यांनी सतरा दिवस खालून पाहिलं होतं, त्यांना काही सांगायची गरज नव्हती.

"किती दिवसांचं काम आहे?"

"सतरा तरी लागतील."

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने डब्याचं झाकण वाजलं आणि आतून हाक आली, "दिगू, कळण्याची भाकरी चालेल ना?"